जिलबीचा सत्कार

आमचे शेजारी बसूअण्णा हेल्मेट घालून पेपर वाचतात. गाडीवर नव्हे, स्वतःच्या अंगणात, प्लास्टिकच्या खुर्चीत बसून. अंगणात एक उंच नारळ आहे, आणि नारळ पडायच्या आधी काही हाक मारत नाही, असं अण्णांचं म्हणणं. मग झाड तोडा की! तर तोडणारा वरून पडला म्हणजे? बरं, खुर्ची तरी हलवा. "ब्याड, ब्याड! हितनं समदं दिसतंय, बाई." समदं म्हणजे काय, तर मागे त्यांचा तबेला, शेजारी माझं स्वयंपाकघर आणि पुढे नुसता ऊस. कसबा बावड्याच्या अंगाला आमची गल्ली जिथे संपते, तिथे ही आमची दोनच घरं आहेत.

आता, कोल्हापुरात हेल्मेट ही डोक्यावर घालायची वस्तू नाही. ती गाडीच्या आरशाला अडकवायची असते. पुढे पोलीस दिसला तर डोक्यावर ठेवायची आणि चौक ओलांडला की परत आरशाला. अशा गावात हा माणूस बसल्या जागी हेल्मेट घालतो, तेही पांढरं, त्यांच्या डोक्याला चांगलंच घट्ट होणारं, हनुवटीखाली पट्टा आवळून. माझ्याकडे पाहुणे आले की चहाच्या आधी मी त्यांना खिडकीतून अण्णा दाखवते.

अण्णा मूळचे सीमेवरच्या गावचे लिंगायत. घरात कानडी, दारात मराठी. त्यामुळे त्यांची भीतीही दोन भाषांत चालते. साधी भीती मराठीत: "काय खरं न्हाय, बाई." ढग आले, काय खरं न्हाय. ढग गेले, तरी काय खरं न्हाय. भीती वाढली की ते कानडीत शिरतात आणि "ब्याड, ब्याड" म्हणजे नको, नको सुरू होतं. त्याच्याही पुढे गेली तर "अय्यो शिवा" म्हणून गळ्यातल्या इष्टलिंगावर हात ठेवतात. एकदा कुणा भाचीच्या लग्नाला कागलला गेले होते. अक्षता पडायच्या वेळी मला मांडवातून फोन. "बाई, जरा खिडकीतनं वास घ्या की. ग्यास बंद केलाय का न्हाय आठवंना झालंय." मी धावत जाऊन वास घेतला. वास येत होता, पण तो माझ्या आमटीचा. त्यांच्या फोनपायी ती करपली होती.

असा माणूस जन्मभर विमा एजंट होता आणि त्याचं उत्तम चाललं होतं, यात मला काही नवल वाटत नाही. समोरचा माणूस आता फार दिवसांचा नाही याची अण्णांना मनापासून खात्री असायची. ते जास्त बोलत नसत. गिऱ्हाइकाच्या तोंडाकडे बघत, त्याच्या बायकोपोरांकडे बघत आणि एक सुस्कारा सोडत. गिऱ्हाईक घाबरून सही करून टाकी.

आणि या माणसाच्या तबेल्यात जिल्ह्यातली एके काळची सगळ्यात वेगवान घोडी उभी आहे, हे सांगितलं तर कुणाला पटत नाही. तिचं नाव जिलबी. शिंगरू असताना खुंट्याभोवती गोल गोल पळायची म्हणून अण्णांच्या बायकोनं, गंगव्वानं, हे नाव ठेवलं. घोडी तशी गंगव्वाचीच. अण्णांनी ती घेऊन दिली तीसुद्धा नाही म्हणायची भीती वाटली म्हणून. घोडागाडीच्या शर्यतीत जिलबीनं ढाली मिळवल्या, फेटे मिळवले, एकदा मोटरसायकलही मिळवली. गाडी हाकायला गंगव्वाचा भाऊ असायचा. गंगव्वा रस्त्याकडेला उभी राहून घसा बसेपर्यंत ओरडायची. आणि मालक? मालक शर्यतीकडे पाठ करून, उसाकडे तोंड करून, दोन्ही कानांत बोटं घालून उभे. आयुष्यात एकही शर्यत अण्णांनी डोळ्यांनी बघितलेली नाही. शर्यत संपली की गंगव्वा यायची, त्यांच्या कानातली बोटं काढायची आणि काय झालं ते सांगायची. तिचं ऐकून मग ते घाबरायचे.

गंगव्वा जाऊन आता दोन-तीन वर्षं झाली. तापाचं निमित्त झालं आणि आठवड्यात गेली. अण्णांना हसणारी आणि हसता हसता त्यांचं सगळं करणारी बाई होती ती. "भ्यायचं काम त्येंच्याकडं आन बाकीची कामं माझ्याकडं," असं मला म्हणायची. ती गेल्यापासून घरात अण्णा आणि तबेल्यात जिलबी, एवढेच.

जिलबीही आता म्हातारी झाली आहे. जनावरांचे डॉक्टर मागे तपासायला आले, तेव्हा मी तिथेच होते. ते म्हणाले, काळीज अगदी नाजूक झालंय, मोठा आवाज आणि धावपळ तिला सोसणार नाही, दचकली तर उभ्या जागी जाईल. त्या दिवशी अण्णा मराठीत थांबलेच नाहीत.

वैरण तेच घालतात. पण यातही एक गंमत होती. अंगणात अखंड बडबड करणारा हा माणूस तबेल्याच्या दारातून आत गेला की मुका व्हायचा. घोडीला एक हाक नाही, एक शब्द नाही. हेल्मेटही घालूनच जायचे. स्वतःच्या म्हाताऱ्या घोडीला भिणारा मालक मी पहिल्यांदाच बघत होते, आणि शाळेच्या स्टाफरूममध्ये मी हे चांगलं रंगवून सांगितलं आहे.

मी शाळेत मराठी शिकवते आणि अधूनमधून पेपरच्या रविवारच्या पुरवणीत लिहिते. जिलबीवर लिहायचं ठरवलं, तेव्हा अण्णांना रीतसर विचारलं. त्यांनी पेपरची घडी घातली. मग म्हणाले, "गंगव्वाचं नाव येणार न्हवं पेपरात?" मी म्हटलं, येणार की, तिच्याशिवाय गोष्ट कशी होणार. "मग लिवा."

मी लिहिलं. माझा एक नियम आहे, खरं म्हणून लिहायचं तर त्यात एक शब्दही पदरचा घालायचा नाही. घातलाही नाही. फक्त शेवट काही केल्या सुचेना, म्हणून सगळे जण टाकतात तसं एक वाक्य मीही टाकलं: 'दुर्दैवाने या गुणी घोडीचा तिच्या कोल्हापुरात आजवर साधा सत्कारही झालेला नाही.' खाली कंसात 'सत्यकथा', आणि त्याखाली माझा फोन नंबर.

लेखाखाली नंबर दिसला की आमच्याकडचा वाचक तो हुकूम समजतो. रविवारी मी दात घासत होते तेव्हापासून फोन सुरू झाले. नेसरीच्या एका शेतकऱ्यानं घरातल्या सगळ्यांना बसवून लेख मोठ्यानं वाचला होता. वाचताना तो रडला, म्हातारी रडली, आणि मग त्यानं विचारलं, "घोडी इकायची हाय का?" एका बाईंना जिलबी काय खात होती ते हवं होतं, कारण त्यांचा मुलगा अंग धरत नव्हता. एक गृहस्थ म्हणाले, आमच्या आजोबांची घोडी हिच्यापेक्षा पळायची, कधी येताय लिहून घ्यायला? हुपरीचे एक चांदीचे कारागीर होते. त्यांच्या घरी तीन पिढ्या पैंजण करतात. "मॅडम, बायकांच्या पायासाठी जन्मभर केली. एक जिलबीसाठी करतो. पायाचं माप तेवढं कळवा." मला तर हे फार आवडलं.

पण माझा प्रत्येक फोन संपला की स्वयंपाकघराच्या खिडकीत एक पांढरं हेल्मेट उगवायचं. "काय म्हणत्यात लोक?"

"नेसरीचे एक जण रडले म्हणतात."

"रडलं? काय खरं न्हाय. काळजाचं दुखणं असंल तर आपल्यावर यील."

"अहो अण्णा, आवडलं म्हणून रडले."

"तेच म्हणतोय की मी. आवडलं म्हंजे काय खरं न्हाय. आवडलं की लोक येत्यात."

मी हसले. आणि लोक आलेच.

पिंटू म्हणजे आमच्या भागातल्या तरुण मंडळाचा अध्यक्ष. छाती दरवाजाएवढी आणि डोळ्यांत पाणी लगेच येणारं. तो आठ-दहा पोरं घेऊन मोटरसायकलींवरून आला. त्या गाड्यांचे सायलेन्सर कुठे असतात ते मला माहीत नाही, गाडीला तरी नव्हते. गल्लीत त्या वळल्या तशी मागे तबेल्यात जिलबीनं फळीवर लाथ मारली. अण्णा खुर्चीतून उठले आणि परत बसले.

"अण्णा," पिंटू म्हणाला, "मंडळात समद्यांनी बसून वाचलं बाईंचं. मान खाली गेली वो आमची. कोल्हापूरनं सत्कार केला न्हाय म्हंजे काय? आम्ही मेलोय व्हय?" पुढच्या रविवारचा बेत ठरवूनच तो आला होता. जिलबीला फुलांनी सजवायचं आणि आमच्या दारापासून मंडळाच्या चौकापर्यंत मिरवत न्यायचं. पुढे हलगी, मागे डॉल्बीची भिंत, चौकात फटाक्यांची माळ आणि गुलाल. "नाद खुळा झाला पायजे!"

"ब्याड," अण्णा म्हणाले. पण ते इतक्या हळू म्हणाले की मलाच ते ओठांवरून कळलं.

मग मी मध्ये पडले. घोडीचं काळीज नाजूक आहे, डॉक्टरांनी सांगितलंय, आवाज सोसणार नाही. पिंटूनं माझं सगळं नीट ऐकून घेतलं. "मॅडम, काळजीच करू नका. जनावराचा डॉक्टर जीपमधनं संगं ठेवतो."

"पिंटू, आवाजच नको म्हणतेय मी."

"आवाज न्हाय तर सत्कार कसला, मॅडम? आन तुमीच लिवलंय की, साधा सत्कार बी झाला न्हाय म्हणून. साधा कशाला? दणक्यात करू!"

मुलांना निबंधात उगीच भरतीची वाक्यं टाकू नका म्हणून मी वर्षानुवर्षं ओरडत आले आहे. माझं एक भरतीचं वाक्य असं दारात येऊन उभं राहिलं. पिंटू अण्णांच्या पाया पडला, जाताना त्याचे डोळे खरंच भरले होते, आणि गाड्या पुन्हा कडकडत गेल्या. त्या माणसाला नाही कसं म्हणायचं हे अण्णांना ठाऊक नव्हतं, आणि त्या क्षणी मलाही नव्हतं.

त्यानंतर अण्णा बोलायचे थांबले. ढग आले तरी काही नाही, गॅसचं विचारणं नाही. सकाळपासून खुर्चीत, तोंड तबेल्याकडे. एवढी वर्षं त्यांच्या "काय खरं न्हाय"ला मी वैतागत होते, आता ते ऐकू येईना म्हणून मला भीती वाटायला लागली. फोन वाजला की मी उचलायला टाळाटाळ करायचे. परत कुणी तरी वाचलंय, परत कुणी तरी येणार, परत कुणाला तरी जिलबीवर प्रेम करायचंय. शाळेतून येताना मी त्या नारळाखालून वाकून जायला लागले होते.

एका संध्याकाळी चौकात पोरांनी डॉल्बी लावून बघितली. ती इतक्या लांबून आमच्या खिडकीच्या काचा थरथरवत होती. मी मागच्या दारात गेले तर तबेल्यात अण्णा जिलबीच्या दोन्ही कानांवर हात दाबून उभे होते. त्यांच्या स्वतःच्या कानांवर हेल्मेट होतंच. घोडीच्या पोटाची कातडी भराभर हलत होती. आवाज बंद झाल्यावरही त्यांनी हात काढले नाहीत. मी तशीच परत आले आणि स्वयंपाकघरात खाली बसले. हा आवाज रविवारी तिच्या शेपटीमागे येणार होता.

दुसऱ्या दिवशी हेल्मेट खिडकीत आलं. "बाई, घोडी मेली म्हणून छापा."

"अहो, जिवंत आहे ती!"

"म्हणूनच की, बाई. जित्ती हाय म्हणूनच."

मी नाही म्हटलं. खोटं मी लिहीत नाही, हवं तर पोलिसांत जाऊ, डॉक्टरांचं पत्र आणू. अण्णांनी मान हलवली. पिंटूवर पोलीस घालायची कल्पना त्यांना पिंटूपेक्षा भयंकर वाटली असावी. ते वाद न घालता निघून गेले, आणि त्या दुपारी हा माणूस, जो भाजी आणायला रस्ता ओलांडत नाही, एकटा रिक्षात बसून डिजिटल बोर्डाच्या दुकानात गेला.

संध्याकाळी शाळेतून येताना मी गल्लीच्या तोंडाशी थबकले. खांबाला भला मोठा फलक. त्यावर माझ्याच लेखातला जिलबीचा फोटो, भोवती झेंडूचा हार छापलेला. वर 'भावपूर्ण श्रद्धांजली', खाली 'कै. जिलबी', त्याखाली अण्णांचं पूर्ण नाव, 'शोकाकुल: बसगोंडा व समस्त मित्रपरिवार'. आणि अगदी खाली ठळक अक्षरांत, 'रक्षाविसर्जन: रविवारी सकाळी नऊ वाजता राहत्या घरी'.

मी पळतच अण्णांकडे गेले. "अण्णा, हे रक्षाविसर्जन कुणी सांगितलं लिहायला?"

"मी न्हाय वो! दुकानदार म्हणला ती ओळ समद्यांच्याच बोर्डावर असती. मी ब्याड म्हणलो."

"मग?"

"हळू म्हणलो." मग आणखी हळू म्हणाले, "आन आमच्यात तर पुरत्यात, बाई. रक्षाच नसती वो आमच्यात."

आता बाहेरगावच्या वाचकांना सांगायला हवं. कोल्हापुरात माणूस एक वेळ लग्न चुकवेल, रक्षाविसर्जन चुकवणार नाही. कामावरून रजा काढून, भांडण असलं तरी ते बाजूला ठेवून, जो तो तिथे जाऊन उभा राहतो. मिरवणुकीला मंडळाची पोरं आली असती. रक्षाविसर्जनाला गाव येणार होतं. अण्णा म्हणाले, "अय्यो शिवा," आणि त्यांचा हात गळ्याशी गेला.

रविवारी सकाळपासून माणसं यायला लागली. पिंटू आणि त्याची पोरं पांढरे कपडे घालून, खाली माना घालून आली. त्यांनी मिरवणुकीच्या हारांतले चांगले हार आणले होते. नेसरीचे शेतकरी पहाटेची एसटी धरून आले होते. हुपरीचे कारागीर आले, त्यांच्या हातात गुलाबी कागदाची पुडी. माप न कळवताही त्यांनी पैंजण केलं होतं. अंगण भरलं, गल्ली भरली. मधोमध पाटावर पितळेचा तांब्या आणि त्यात राख. अण्णांनी पहाटे उठून गोवऱ्या जाळल्या होत्या. तबेला मागेच होता, खुर्चीच्या बाजूला एक फट तेवढी सोडून दार ओढून घेतलेलं, जिलबीपुढे भरपूर वैरण आणि कानांत कापूस. ती कुठे नेण्यासारखी नव्हती.

मी तबेल्याच्या बाजूला कान लावून उभी होते. ती खिंकाळली तर? रडून आलेल्या माणसांना कळलं की आपल्याला फसवलंय, तर ही माणसं काय करतील? आणि एवढ्या माणसांचा गलका झाला तर तिचं काय होईल? मी अण्णांकडे बघितलं. हेल्मेटमध्ये त्यांचा चेहरा राखेसारखाच झाला होता.

पिंटू पुढे झाला आणि त्यांच्या कानाशी म्हणाला, "अण्णा, हेल्मेट काढा की. बरं दिसत न्हाय."

अण्णांनी त्याच्याकडे बघितलं, तबेल्याकडे बघितलं. पट्टा सोडायला त्यांना बराच वेळ लागला. हेल्मेट निघालं तसं डोकं एवढंसं दिसलं, केस चपटे बसलेले, कपाळावर कडेचा वळ. दोन-तीन वर्षांत मी त्यांना असं बघितलं नव्हतं.

मग दोन शब्द बोलणं सुरू झालं. नेसरीचे शेतकरी बोलायला उठले. घोडीबद्दल सुरुवात करून ते गंगव्वावर गेले. "मी काय त्या माउलीला बघितलं न्हाय. पर नवऱ्याच्या कानातली बोटं काढून गोष्ट सांगणारी बाई..." एवढं म्हणून ते थांबले. तेवढ्यात मागे एक टाप वाजली.

मग दुसरी. मग फळीवर लाथ. आणि मग जिलबी खिंकाळली, लांबलचक, घाबरलेली. सगळं अंगण आधी तांब्यातल्या राखेकडे बघायला लागलं आणि मग एकमेकांकडे. लाथा वाढतच गेल्या. दार हादरत होतं.

अण्णांनी लोकांकडे बघितलंसुद्धा नाही. त्यांनी पाटाजवळचं हेल्मेट उचललं, पळता पळता डोक्यावर दाबलं. पट्टा तसाच लोंबत होता. या माणसाला मी त्याआधी कधी पळताना बघितलं नव्हतं. मी मागे धावले, माझ्यामागे पिंटू.

जिलबी घामानं निथळत होती. डोळे पांढुरके, माशाच्या खवल्यासारखे, आणि मान सारखी इकडून तिकडे. काही तरी शोधत होती. अण्णा दारात, उजेडात उभे राहिले. एक शब्द बोलले नाहीत. नुसती मान किंचित डावीउजवीकडे हलवली, हेल्मेट तिला दिसेल अशी. ती थांबली. मग एक पाऊल पुढे आली, त्या पांढऱ्या हेल्मेटला नाक लावून तिनं मोठा श्वास सोडला, आणि हळूहळू तिचं अंग सैल पडलं. अण्णांनी वैरणीची मूठ पुढे केली. तिनं ती खाल्ली. आम्ही काही बोलू नये म्हणून दुसऱ्या हातानं ते आम्हाला खुणावत राहिले.

बाहेर आल्यावर, तबेल्यापासून चांगलं दूर गेल्यावर, त्यांनी तोंड उघडलं.

"तिला दिसत न्हाय, बाई. पांढरं तेवढं दिसतंय. ह्ये हेल्मेट गंगव्वाचं हाय. ती गाडीवरनं वैरण आणायची न्हवं, तवा डोक्यावर ह्येच असायचं. मीच घालाय लावलतं, भ्या वाटायचं म्हणून." त्यांनी पट्टा हातात धरला होता. "गंगव्वा गेली आन घोडीनं वैरण सोडली. हाक मारून दमलो. तोंड फिरवायची. मग एक दिस ह्ये घालून गेलो आन बोललो न्हाय. खाल्ली. तिला अजून गंगव्वाच वाटतीया, बाई. म्हणून तितं बोलत न्हाय मी. आवाज ऐकला तर कळंल की, ही गंगव्वा न्हवं म्हणून."

म्हणजे नारळ पडेल ही भीती नव्हतीच. खुर्ची तिथे होती, कारण तबेल्यातून ती जागा दिसते. दिवसभर जिलबीला एक पांढरा ठिपका दिसत राहावा, आपली बाई अंगणातच आहे असं वाटावं, म्हणून हा माणूस उन्हाळ्यातसुद्धा डोकं शिजवत बसला होता. मघाशी हेल्मेट काढलं आणि दाराच्या फटीतून दिसणारा तो ठिपकाच गेला होता. आणि मी पाहुण्यांना चहाच्या आधी त्यांना दाखवत होते.

पिंटूनं मनगटानं नाक पुसलं. तो अंगणात गेला, ओठांवर बोट ठेवलं आणि दबक्या आवाजात म्हणाला, "रक्षा झाली. चला समदी." कुणी तरी तोंड उघडणार तेवढ्यात त्यानं अशी नजर टाकली की तो प्रश्न तिथेच मिटला. नेसरीचे शेतकरी माझ्याजवळ येऊन कुजबुजले, "मला काय बी ऐकू आलं न्हाय बगा." हुपरीच्या कारागिरांनी गुलाबी पुडी माझ्या हातात दिली. "असू द्या घरात," एवढंच म्हणाले. पैंजणात घुंगरू होते, पण त्यांनी येताना त्यात कापूस भरला होता की जाताना, ते मी विचारलं नाही.

मग मी जे बघितलं ते कोल्हापुरात सांगितलं तर मला कुणीही खोटारडी म्हणेल. पिंटूच्या त्या सगळ्या पोरांनी आपल्या मोटरसायकली बंद ठेवून, हातानं ढकलत, पार मोठ्या रस्त्यापर्यंत नेल्या. एकानंही किक मारली नाही.

गल्लीच्या तोंडाचा तो फलक अजून आहे. पिंटूच त्याची दोरी अधूनमधून आवळून जातो. लेख अजून कुणाच्या ना कुणाच्या हाती पडतो आणि फोन येतात. "मॅडम, जिलबी गेली म्हणे?" मी हो म्हणते. कंसात 'सत्यकथा' लिहिणारी मी, रोज घडाघडा खोटं बोलते आणि मला रात्री चांगली झोप लागते.

परवा अण्णांना म्हटलं, आता कुणी येत नाही, मिरवणूक नाही, डॉल्बी नाही, आता तरी भीती गेली ना? "घोडी गेली की ह्ये काढून ठेवावं लागंल, बाई," हेल्मेटवर हात ठेवून ते म्हणाले. "मग गंगव्वा खरीच गेली म्हणायची. त्येचं भ्या वाटतंय."

तेवढ्यात माझा फोन वाजला. मी घरात जाऊन बोलून आले, तर अण्णा वैरणीची पेंडी काखेत धरून खिडकीशी उभेच होते. "काय म्हणत्यात लोक?"

"लई गुणाची होती म्हणतात."

"कोण, घोडी?"

"दोघी, अण्णा."

त्यांनी मान हलवली. मग आज ऊन लई हाय, तुमच्या ग्यासची नळी जुनी झालीया, बदलून घ्या, काय खरं न्हाय, असं बोलत बोलत ते निघाले, तबेल्याच्या दाराशी थांबून त्यांनी हनुवटीखालचा पट्टा आवळला, आणि गप्प होऊन आत गेले.